नुसत्या मैत्रिणी : कुमार कादंबरीतील दोन ओळखींचा शोध

१९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ या नॅन्सी गार्डन यांच्या कादंबरीत लायझा नावाची सतरा वर्षांची मुलगी वडिलांच्या ज्ञानकोशात समलैंगिकतेवरची नोंद काढून वाचते. नोंद चांगली लांबलचक आहे. ती संपल्यावर लायझाच्या लक्षात येते, की एवढ्या मजकुरात ‘प्रेम’ हा शब्द एकदाही आलेला नाही. तिला राग येतो. ज्याने हे लिहिले त्याला अशा माणसांबद्दल काही ठाऊक तरी आहे का, असा तो राग आहे.

अडतीस वर्षांनी, २०२० साली, इंग्लंडमध्ये अ‍ॅलिस ओसमन यांची ‘लव्हलेस’ ही कादंबरी आली. तिची नायिका जॉर्जिया अठरा वर्षांची आहे आणि तिची अडचण नेमकी उलटी आहे. तिच्याभोवती ‘प्रेम’ या शब्दाचा सुकाळ आहे. प्रेमकथांचे तिला वेड आहे. एक ना एक दिवस आपल्यालाही कुणीतरी असे आवडेल, याची ती वाट पाहते आहे. पण तसे कुणी आवडत नाही. मुलगा नाही आणि मुलगीही नाही. या न आवडण्याला काही नाव असू शकते, हे विद्यापीठात जाईपर्यंत तिला माहीतच नसते.

इंग्रजी कुमार कादंबरीत लेस्बियन मुलगी आणि असेक्शुअल मुलगी कुठे सापडते, कशी सापडते आणि जिथे सापडायला हवी तिथे का सापडत नाही, हा गेली काही वर्षे माझ्या वाचनाचा विषय आहे. मी कुठल्या विद्यापीठाशी संलग्न नाही. ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूची, जुन्या पुस्तकांची दुकाने आणि ई-पुस्तके एवढीच माझी साधने. दोन विषयांच्या दोन वह्या केल्या होत्या. वाचत गेले तसतशा एका वहीतल्या नोंदी दुसरीकडे बोट दाखवू लागल्या, कारण दोन्ही मुलींच्या वाटेत एकच वाक्य आडवे येत होते : “त्या काय, नुसत्या मैत्रिणी आहेत!”

लेस्बियन मुलीचे प्रेम या वाक्याने पुसले जाते. असेक्शुअल मुलीची मैत्री यातल्या ‘नुसत्या’ने हलकी होते. एकीला सांगायचे आहे, की आमच्यात आहे ती मैत्रीहून निराळी गोष्ट आहे. दुसरीला सांगायचे आहे, की मैत्री ही कशाहूनही कमी गोष्ट नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे, की हे दोन दावे एकमेकांच्या विरोधात नाहीत. पण ते दोन्ही एकाच मुलीने करावेत, अशी जागा या कादंबऱ्यांनी अजून फारशी दिलेली नाही.

शब्दांचा थोडा खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीत ज्याला ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणतात ते साहित्य साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी असते. आपला ‘कुमार साहित्य’ हा शब्द त्याच्या जवळचा आहे, म्हणून मी तोच वापरते आहे. असेक्शुअल म्हणजे जिला कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटत नाही, किंवा फार क्वचित वाटते, अशी व्यक्ती. हे ब्रह्मचर्य नव्हे. ब्रह्मचर्य हे व्रत आहे. त्यात इच्छा गृहीत धरलेली असते आणि तिच्यावरचा ताबाही. इथे ताबा ठेवण्यासारखे काही नाही. मात्र असेक्शुअल व्यक्ती प्रेमात पडू शकते, कुणाबरोबर तरी आयुष्य काढावे असे तिला वाटू शकते. ज्यांना प्रेमाची ती ओढही वाटत नाही, त्यांच्यासाठी ‘अ‍ॅरोमँटिक’ असा वेगळा शब्द आहे. जॉर्जिया दोन्ही आहे. हा फरक ध्यानात घेतला, की ‘असेक्शुअल लेस्बियन’ या शब्दांत विसंगती उरत नाही. शरीरसंबंधाची ओढ नाही, पण जिच्यावर जीव जडतो ती स्त्रीच आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कपाटापुढे उभे राहून

पुस्तक असणे आणि पुस्तक सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सँफर्ड बर्मन या अमेरिकन ग्रंथपालाने १९७१ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांवर एक अख्खे पुस्तक लिहिले. जगभरची ग्रंथालये ज्या शीर्षकांनी पुस्तके लावतात, त्या शीर्षकांतच पूर्वग्रह कसे बसले आहेत हे त्यांनी दाखवून दिले. समलैंगिकता आणि लेस्बियनिझम ही शीर्षके तेव्हा ‘लैंगिक विकृती’ या शीर्षकाला जोडलेली होती. म्हणजे पुस्तकात काहीही लिहिलेले असो, वाचणारी मुलगी त्यापर्यंत पोहोचणार ती विकृतीच्या दारातून. पुढे ती जोडणी काढण्यात आली, पण त्यासाठी ग्रंथपालांना आणि कार्यकर्त्यांना भांडावे लागले.

असेक्शुअल मुलीची अडचण अपमानाची नाही, गर्दीत हरवण्याची आहे. सूचीत हा शब्द टाकला, की आधी वनस्पतींची कलमे, यीस्ट आणि जिवाणू पुढे येतात. या समूहातली माणसे स्वतःसाठी ‘एस’ हा लाडका लघुशब्द वापरतात. तो टाकला तर पत्ते, टेनिस आणि लढाऊ वैमानिक! २०२१ मध्ये गाजलेली ‘एस ऑफ स्पेड्स’ ही कुमार कादंबरीही हटकून समोर येते. तिचे नाव पत्त्यांतल्या इस्पिकच्या एक्क्यावरून आहे. डेव्हिड जे यांनी २००१ साली असेक्शुअल व्यक्तींसाठी इंटरनेटवर एक जाळे सुरू केले. हा शब्द माणसांची ओळख म्हणून रुजला तो मुख्यतः त्यानंतर. कादंबऱ्यांपर्यंत तो पोहोचायला आणखी दहा-पंधरा वर्षे लागली.

नाव लागले, की पुस्तक सापडते. पण ज्यांना ते नको आहे त्यांनाही ते त्याच नावाने सापडते. ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ची प्रत १९९३ साली कॅन्सस सिटीत जाळण्यात आली. जवळच्या ओलेथा या गावच्या शाळांच्या ग्रंथालयांतून ते पुस्तक काढून टाकले गेले. विद्यार्थी आणि पालक न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी ते परत ठेवण्याचा आदेश दिला. अलीकडचे उदाहरण मैया कोबाबे यांच्या ‘जेंडर क्विअर’ या चित्रमय आत्मकथनाचे आहे. लिंगओळखीबरोबर असेक्शुअल असण्याबद्दलही बोलणारे हे पुस्तक २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत पहिले होते. म्हणून ‘पुस्तकांवर अशी लेबले लावूच नयेत’ असे कुणी म्हणाले, तर मला त्यामागची भीती समजते. परंतु लेबल काढल्याने जाळणारा थांबत नाही. शोधणारी मात्र नक्की रिकाम्या हाती परत जाते.

दाखवता येणारे प्रेम

लेस्बियन मुलीची कुमार कादंबरी आता जवळजवळ पन्नास वर्षांची आहे. रोझा गाय यांची ‘रुबी’ १९७६ सालची. हार्लेममध्ये राहणारी, वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबातली रुबी, तिचा कडक बाप आणि तिच्या वर्गातली आत्मविश्वासाने बोलणारी डॅफ्नी. प्रेम आहे, पण टिकत नाही. त्या काळात असल्या प्रेमाचा शेवट तसाच करायचा, असा जणू अलिखित नियमच होता. गार्डन यांच्या कादंबरीचे महत्त्व हे, की तिने तो नियम मोडला. लायझा आणि अ‍ॅनी पकडल्या जातात, शाळेत चौकशी होते, ज्यांच्या घरी त्या सापडल्या त्या दोन शिक्षिकांची नोकरी जाते. किंमत मोजावी लागतेच, आणि ती थोरल्यांनाही मोजावी लागते. तरीही शेवटच्या पानांत लायझा फोन उचलते आणि अ‍ॅनीशी बोलते. कुणी मरत नाही. आज हे किरकोळ वाटेल. १९८२ साली ते किरकोळ नव्हते.

मालिंडा लो यांची ‘लास्ट नाइट अ‍ॅट द टेलिग्राफ क्लब’ (२०२१) या परंपरेतली मला सर्वांत पक्व वाटलेली कादंबरी. तिला त्या वर्षीचा नॅशनल बुक अवॉर्डही मिळाला. काळ १९५४चा, जागा सॅन फ्रान्सिस्कोचे चायनाटाउन. सतरा वर्षांची लिली औषधांच्या दुकानातल्या स्वस्त कादंबऱ्यांच्या मांडणीपाशी उभी राहून दोन स्त्रियांच्या प्रेमाची एक कादंबरी चोरून वाचते. कम्युनिस्ट असल्याचा नुसता संशय आला तरी चिनी कुटुंबांचे कागदपत्र धोक्यात यावेत, असे ते दिवस. त्यामुळे लिलीच्या घरची भीती दुहेरी आहे, आणि लो यांनी एक भीती दुसरीच्या आड लपू दिलेली नाही.

लायझाला ज्ञानकोश आणि शिक्षिकांच्या घरातली पुस्तके, लिलीला औषधांच्या दुकानातली मांडणी. या मुली स्वतःच वाचक आहेत. आपण कोण, हे त्या पुस्तकांत शोधतात. मात्र पुस्तक त्यांना शब्द देते, पुरावा त्यांचा त्यांनाच मिळतो. हात हातात येतो, श्वास अडकतो, चुंबन होते. लेखिकेला एक प्रसंग लिहिता येतो आणि त्या प्रसंगानंतर ‘नुसत्या मैत्रिणी’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. लेस्बियन प्रेम कादंबरीत दाखवता येते. शब्द नंतर आला तरी चालतो.

प्रसंग नसणे हाच प्रसंग

असेक्शुअल मुलीचे काय दाखवणार? चुंबन झाले नाही, हा पुरावा होत नाही. हजारो कादंबऱ्यांत कित्येक पात्रांना प्रेमप्रसंग नसतात. ती सगळी काही असेक्शुअल नसतात. अभाव हा चित्रात दिसत नाही, तो सांगावा लागतो. म्हणूनच या कादंबऱ्यांत व्याख्येचा एक प्रसंग जवळपास ठरलेला असतो. कुणीतरी समजावून सांगते, कुणीतरी प्रश्न विचारते, कुणाचा तरी विश्वास बसत नाही. ‘लव्हलेस’मध्ये हे काम सुनील झा हे भारतीय वंशाचे वरच्या वर्गातले पात्र करते. सुनील स्वतः असेक्शुअल आहे आणि त्याला पुरुष आवडतात. त्याच्याकडून जॉर्जियाला तो शब्द प्रथम नीट कळतो. कॅथरिन ऑर्म्सबी यांच्या ‘टॅश हार्ट्स टॉलस्टॉय’ (२०१७) मध्ये ‘अ‍ॅना कॅरेनिना’वरून इंटरनेट मालिका करणारी टॅश हे स्पष्टीकरण तिला आवडणाऱ्या मुलाला देते, आणि तो ते नीट घेत नाही.

या प्रसंगांवर समीक्षक नाक मुरडतात. पात्रे माहितीपत्रकासारखी बोलू लागतात, असा आक्षेप असतो. तो खोटा नाही. ‘लव्हलेस’मधली काही पाने मलाही शिकवणीसारखी वाटली. पण हा दोष लेखकाच्या आळसातून आलेला नाही, विषयाच्या स्वभावातून आलेला आहे. प्रेमात पडणे म्हणजे काय, हे कादंबरीला समजावून सांगावे लागत नाही, कारण ते काम आधीच्या शेकडो कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी करून ठेवले आहे. ज्या अनुभवाच्या पाठीशी अशी शिदोरी नाही, त्याला आपली ओळख करून द्यावीच लागते.

पुढे जाण्याचे दोन मार्ग मला दिसतात. पहिला डार्सी लिटल बॅजर यांच्या ‘एलट्सो’चा (२०२०). लिपन अपाची जमातीतली, मेलेल्या प्राण्यांच्या आत्म्यांना बोलावू शकणारी एली आपल्या चुलतभावाच्या खुनाचा छडा लावते. ती असेक्शुअल आहे हे ओघात येते आणि गोष्ट पुढे जाते. भुताचा कुत्रा बरोबर घेऊन फिरणाऱ्या मुलीला याहून महत्त्वाची कामे आहेत! दुसरा मार्ग ओसमन यांचाच. व्याख्या झाल्यावर त्या थांबत नाहीत. प्रेमकथेत प्रेमी युगुलासाठी राखून ठेवलेली सगळी आयुधे, रुसवा, ताटातूट, पश्चात्ताप, सर्वांदेखत दिलेली कबुली, त्या मैत्रीसाठी वापरतात. जॉर्जिया आणि पिप यांचे बिनसते तेव्हा वाचकाला जे दुःख होते, ते प्रेमभंगाइतकेच खरे असते. ‘नुसत्या’ हा शब्द या कादंबरीने असा खोडून काढला आहे. २०२१चे ‘वायए बुक प्राइझ’ तिला मिळाले, त्यात या धिटाईचा वाटा असावा.

एका मौनाचे दोन वारस

जुन्या पुस्तकांकडे वळले, की हे दोन शोध एकाच जागी येऊन भिडतात. लुइझा मे अल्कॉट यांची ‘लिटल विमेन’ १८६८-६९ची. शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे ती आपल्या घरचीच झाली आहे. त्यातली ज्यो लॉरीला नकार देते. पुस्तकाचा पहिला भाग वाचून ज्योचे लग्न लावा म्हणून मुलींची पत्रे आली. अल्कॉट यांनी एका पत्रात लिहून ठेवले आहे, की ज्योने लेखन करणारी अविवाहित बाई म्हणूनच राहायला हवे होते. पण वाचकांपुढे नाइलाज झाला आणि मग मुद्दामच तिला एक विचित्र जोडीदार दिला.

मग ज्यो कोण? आज लेस्बियन वाचक तिला आपली म्हणतात, असेक्शुअल वाचकही आपली म्हणतात. दोघींचा पुरावा एकच : मुलांमध्ये रस नसणे. एड्रियन रिच यांनी १९८०च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात स्त्रियांवर विषमलैंगिकतेची सक्ती कशी केली जाते हे मांडले, आणि स्त्रियांमधल्या स्नेहाच्या, आधाराच्या सगळ्या छटा एका लेस्बियन पट्ट्यावर आणल्या. त्या मांडणीने पुष्कळ स्त्रियांना बळ दिले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु पट्टा इतका रुंद केला, की पुरुष नको असलेली प्रत्येक बाई त्यावर आपोआप येते, आणि जिला कुणीच नको होते तिच्यासाठी जागा राहत नाही. दुसरीकडे आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ साली लैंगिक कलाची शून्य ते सहा अशी मोजपट्टी केली आणि जी माणसे कुठेच बसेनात त्यांना ‘एक्स’ या खुणेखाली टाकले. पट्टा असो की मोजपट्टी, ही बाई एकीकडे दुसऱ्याच नावाने मोजली जाते आणि दुसरीकडे शिलकीत राहते.

उलटही होऊ शकते. जुन्या कादंबऱ्यांतली प्रत्येक अविवाहित स्त्री असेक्शुअल ठरवली, तर आधीच पुसट असलेला लेस्बियन इतिहास आणखी पुसला जाईल. माझ्या मते ज्योचा निवाडा करण्याची गरज नाही. संहितेत नकार आहे, कारण नाही. समीक्षकाने तिथे थांबावे आणि दोन्ही वाचनांना दारात उभे राहू द्यावे. आजच्या लेखकाला मात्र ही सवलत नाही. अल्कॉट यांच्याजवळ हे शब्द नव्हते. आजच्या लेखकाजवळ आहेत.

वाटणी

शब्द हाताशी आल्यावर काय झाले? वाटणी झाली. ‘लव्हलेस’मध्ये जॉर्जिया असेक्शुअल आणि पिप लेस्बियन. रोझी थॉर यांच्या ‘टार्निश्ड आर द स्टार्स’ (२०१९) मध्ये अ‍ॅना आणि एलायझा या मुलींचे प्रेम, तर असेक्शुअलपण नॅथॅनिएल या मुलाच्या वाट्याला. लिसा जेन बिगेलो यांची ‘हेझल्स थिअरी ऑफ इव्होल्यूशन’ (२०१९) थोड्या लहान वाचकांसाठी आहे. तिथे हेझलला दोन आया आहेत, आणि वर्गातल्या सगळ्यांना कुणी ना कुणी आवडू लागले असताना आपल्यालाच कुणी का आवडत नाही, हा प्रश्न हेझलचा. म्हणजे एक ओळख आयांची, दुसरी लेकीची.

ही पुस्तके चांगली आहेत. दोन वेगळ्या मुली एकमेकींना समजून घेतात, हे त्यांत फार सुंदर आले आहे. पण सगळी एका ओळीत ठेवली, की एक आकृती दिसू लागते. एका मुलीने एकच वेगळेपण बाळगावे, असा काहीतरी संकेत इथे काम करतो आहे.

दोन्हींच्या सर्वांत जवळ जाणारी कादंबरी म्हणजे क्लेअर कान यांची ‘लेट्स टॉक अबाउट लव्ह’ (२०१८). कॉलेजात शिकणारी कृष्णवर्णीय अ‍ॅलिस असेक्शुअल आहे आणि ती मुलींच्या तसेच मुलांच्या प्रेमात पडू शकते. पण तिची मैत्रीण मार्गो पुस्तकाच्या सुरुवातीलाच तिला सोडते, आणि कारण अ‍ॅलिसला शरीरसंबंध नको असतो हेच. पुढे अ‍ॅलिसला समजून घेणारे, सावकाश वाढणारे प्रेम मिळते ते ताकुमी या मुलाकडून. लेखिकेने कुठलाही सिद्धांत मांडलेला नाही, आणि एका कादंबरीवर सगळ्यांचा भार टाकणे अन्यायाचे आहे. तरी वाचणाऱ्या मुलीच्या हाती काय लागते? दोन मुलींचे नाते शरीराशिवाय टिकले नाही, मुलाबरोबरचे टिकले. ज्या मुलीला मुलींशिवाय कुणी आवडत नाही आणि शरीराची ओढही नाही, तिच्यासाठी पुस्तकाचे पहिले प्रकरण म्हणजे निरोप, आणि पुढची सगळी प्रकरणे दुसऱ्या कुणाची तरी.

याचे कारण मला दाखवता येण्याच्या प्रश्नातच दिसते. लेस्बियन कादंबरीने ‘नुसत्या मैत्रिणी’ हे वाक्य चुंबनाच्या जोरावर हरवले आहे. चुंबन काढून घेतले तर ते वाक्य परत येईल, ही भीती खोटी नाही. असेक्शुअल लेस्बियन मुलगी त्या जिंकलेल्या भूमीवर अवघड पाहुणी ठरते. तिचे प्रेम प्रेम म्हणून उभे करायचे तर स्पर्शाखेरीज दुसरा पुरावा शोधावा लागेल : कोण कुणासाठी थांबते, कोण कुणाचे आजारपण काढते, कोणाच्या नावाचा कागद फॉर्मवर लागतो. ओसमन यांनी मैत्रीसाठी जे केले, ते या प्रेमासाठी कुणीतरी करायला हवे आहे.

आपल्याकडे

मराठी मुलीला ‘अलैंगिक’ हा शब्द प्रथम भेटतो तो शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात. अमिबा, हायड्रा, यीस्ट : अलैंगिक प्रजनन. परीक्षेत आकृतीसह उत्तर लिहून तो शब्द तिथेच राहतो. माणसाच्या मनाशी त्याचा संबंध असू शकतो, हे तिला पुढे कुणी सांगत नाही. लग्न न केलेल्या बाईसाठी आपल्या भाषेत चार कारणे तयार असतात : जमले नाही, घरची जबाबदारी होती, प्रेमभंग झाला, किंवा नोकरी-शिक्षणात वय गेले. पन्नाशी ओलांडलेली अविवाहित बाई म्हणून ही चारही कारणे मी माझ्याबद्दल ऐकली आहेत. ‘तिला तशी ओढच नव्हती’ किंवा ‘तिचा जीव एका बाईवर होता’ ही पाचवी-सहावी कारणे यादीत नाहीत.

साहित्यात काय आहे? विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ सालचे. रोहिणी हट्टंगडी यांनी रंगवलेली मित्रा अनेकांना आठवत असेल. ते कुमारांसाठीचे नाटक नव्हे, पण त्यातली मुले कॉलेजच्या वयाची आहेत. नावातच या लेखाचा सगळा विषय आहे. मित्रा या मुलीची गोष्ट, की मित्राची, म्हणजे स्नेह्याची, गोष्ट? षष्ठीत दोन्ही शब्द सारखेच होतात. मित्रा मुलीवर प्रेम करते आणि शेवटी जीव देते. तिची गोष्ट बापू सांगतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लायझा स्वतःची गोष्ट स्वतः सांगून शेवटी फोन उचलते. तेंडुलकरांचे धाडस यामुळे कमी होत नाही. प्रश्न पुढच्या काळाचा आहे. हिमांजली शंकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ ही भारतीय इंग्रजी कुमार कादंबरी २०१४ची. मुस्कान लेस्बियन आहे, कादंबरी तिच्या आत्महत्येच्या प्रयत्नापासून सुरू होते आणि तिची हकिगत तीन वर्गमित्र आळीपाळीने सांगतात. तेहतीस वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या भाषांत हाच आकार आला : मुलगी मृत्यूच्या दारात, आणि तिची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडी.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) प्रौढांनी वाचली तशी मुलांनीही वाचली. नववीतल्या मुलांची ओढ, त्यांचे ‘लाइन’चे हिशेब, वर्गातली ती हवा, हे सारे त्यात अस्सल आहे. पण त्या वर्गात एखादी मुलगी असेल, जी दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडे पाहत असेल. एखादी असेल, जिला हा सगळा गलका म्हणजे न समजणाऱ्या भाषेतले गाणे वाटत असेल. त्यांच्या बाजूने ती शाळा कशी दिसेल, हे मराठीत लिहिलेले पुस्तक मला अजून सापडलेले नाही.

२०१८ साली ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का काढला. कायद्याने मुभा दिली, पण कायदा मुलीच्या हातात पुस्तक देत नाही. ते काम लेखकांचे, संपादकांचे आणि ग्रंथपालांचे आहे. ‘या वयात हे कशाला?’ असे विचारले जाते. या वयातच, कारण ‘तुला कोण आवडतो?’ हा प्रश्न तिला वर्गात याच वयात विचारला जातो, आणि उत्तर नसले तर ती गप्प बसायला शिकते.

मुलांसाठी दिवाळी अंक काढणाऱ्या संपादकांना माझी एक विनंती आहे. दोन मुलींची एक गोष्ट मागवा. ती त्यांच्यातल्याच एकीने सांगितलेली असू द्या. शेवटी दोघीही जिवंत असू द्या. त्यांच्यात प्रेम आहे की मैत्री, की शरीराची ओढ नसलेले प्रेम, हे त्यांना स्वतःच्या शब्दांत म्हणू द्या आणि तो शब्द नेमका छापा. अनुक्रमणिकेत गोष्टीच्या नावाखाली एका ओळीची ओळख द्या, म्हणजे जी शोधते आहे तिला ते पान सापडेल.